आत जायचं नाही

मॅडम पडल्या. काचेच्या दारातून मला दिसलं, आधी स्टूल सरकलं, मग त्या एका बाजूला कलल्या, गोणी कलते तशा, आणि चष्मा टेबलाखाली गेला. मी बाहेर पॅसेजमधे, माझी पोरगी यशू कडेवर, तिच्या तोंडात बिस्कीट. मला पहिलं काय वाटलं सांगू का, वाटलं परत नाटक. परत माझी परीक्षा घेतायत. मग बघितलं तर एक हात अंगाखाली मुडपला होता. नाटक करणारं माणूस स्वतःचा हात असा मुडपून नाही घेत.

पण नाटक असो नाहीतर खरं, करायचं तेच होतं, त्यांनीच शिकवलेलं. नायट्रोजनचा बाटला बाहेर पॅसेजमधे उभा असायचा, त्याचा व्हॉल्व्ह बंद केला. हवा बाहेर फेकणाऱ्या भिंतीतल्या पंख्याचं बटण बाहेरच होतं, ते दाबलं. दार सताड उघडलं. आणि बाहेरच थांबले, जिन्याकडे तोंड करून ओरडले, "अण्णा! अहो अण्णा, लवकर या!"

पंखा घरघरायला लागला पण आतली हवा काही हलेना. हलणार कशी. पंख्यावर आतून प्लास्टिक चिकटवलेलं, चारी बाजूंनी पट्ट्या मारून. मॅडमनीच, आदल्या दिवशी, स्वतःच्या हातानं. ते प्लास्टिक नुसतं मागे ओढलं जात होतं, आपण गाल आत घेतो तसं, आणि फाटत नव्हतं.

मॅडमचा पाय दाराकडे होता. कॅनव्हासचा बूट, नाडी सुटलेली. जराशी आत गेले असते तर बूट हाताला लागला असता. मी गेले नाही. यशूनं बिस्कीट टाकलं आणि रडायला लागली आणि मी तिथंच उभी, उंबऱ्याच्या अलीकडे, पाय बांधल्यासारखी.

आधी ही बाई कोण ते सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल मीच दगड आहे.

लिमये मॅडमचा बंगला कोथरूडात. वर त्यांचे मोठे भाऊ अण्णा आणि वहिनी राहतात, खाली जिथं गाडी ठेवायची तिथं मॅडमची लॅब. लग्न केलेलं नाही. का ते मला माहीत नाही, वहिनी म्हणायच्या, "कोणाला दाखवायचं हिला? मुलाचेच हात हुंगून परत पाठवलं असतं." मी आधी वर वहिनींकडे भांड्याला होते. एक दिवस मॅडम वर चहाला आल्या, मी बेसिनपाशी, त्यांनी माझा फेसाचा हात मनगटाला धरून उचलला आणि उलटासुलटा करून बघितला, मंडईत भेंडी बघतात तसा.

"नखं नाहीत. हात थरथरत नाही. शिकलीस किती?"

म्हणलं, नववीत सोडली.

"छान. म्हणजे बिघडलेली नाहीस. उद्यापासून खाली."

वहिनी म्हणाल्या, "अहो वन्सं, आणि माझी भांडी?"

"भांडी तुम्हालाही येतात," मॅडम म्हणाल्या आणि कप तिथंच ठेवून गेल्या.

खाली काय चालायचं ते मला कळलंय तसं सांगते. हायड्रोजनवर चालणारी बस असते, तिच्या पोटात एक यंत्र, ते बाहेरची हवा घेतं आणि हायड्रोजनशी मिळवून वीज करतं. धूर नाही, नुसती वाफ बाहेर पडते. पण आत जाणारी हवा कोरडी असली तर त्या यंत्रातला पातळ पडदा सुकतो आणि त्याला भेगा पडतात. म्हणून बाहेर जाणाऱ्या वाफेतलीच ओल काढून आत येणाऱ्या कोरड्या हवेला द्यायची. त्याचा डबा मॅडम बनवायच्या, ह्युमिडिफायर. डब्यात शेवयांसारख्या बारीक पोकळ नळ्यांची जुडी. नळीच्या आतून कोरडी हवा जाते, बाहेरून ओली, आणि नळीच्या अंगातून ओल तेवढी पलीकडे जाते. हवा गेली की डबा फुकट.

"ओल जाईल, हवा जाणार नाही. एवढंच माझं आयुष्य आहे," मॅडम म्हणायच्या. "आणि तेवढंही तुम्ही मंडळी नीट होऊ देत नाही."

माझं काम जुडी बांधायचं. नळ्या सारख्या करायच्या, डब्यात घालायच्या, दोन्ही टोकांना रेझिन ओतायचं, घट्ट झालं की टोक पात्यानं कापायचं, म्हणजे नळ्यांची तोंडं उघडी होतात, मधाच्या पोळ्यासारखी. मग पाण्यात बुडवून आतून नायट्रोजन सोडायचा. बुडबुडा आला की जुडी वाया. मॅडम ओरडायच्या नाहीत हां. माझ्याकडे शांत बघायच्या आणि म्हणायच्या, "घरी पोळ्या जमतात का गं? का त्याही अशाच?" मी काही विचारायला तोंड उघडलं की, "ज्ञान नको. हात दे."

सगळ्यात मोठा जाच तेलाचा. रोज सकाळी लॅबच्या दारात दोन्ही तळहात पुढे करायचे आणि मॅडम वाकून वास घ्यायच्या. हाताला तेल असलं तर रेझिन नळीला धरत नाही, तिथंच गळतं. यशू तेव्हा रांगतपण नव्हती, मी तिला सकाळी खोबरेल लावून चोळायची, मग साबणानं हात घासघासून यायची, तरी त्यांना वास यायचाच.

"खोबरेल. परत धू."

परत धुवून आले की, "आता साबण आणि खोबरेल."

शेवटी एक दिवस म्हणाल्या, "पोरीचं मालिश बंद कर नाहीतर काम बंद कर. सावकाश ठरव. मला घाई नाही, जुडीला आहे."

मी मालिश बंद केलं. काय करणार, नवऱ्यानं दुसरं घर केलंय, आई मी लहान असतानाच गेली, यशूला माझ्याशिवाय कोण आहे. शेजारी माझी म्हातारी आत्या राहते, तिला कळलं तर ती भडकली. "हात हुंगते? आपल्या लोकांच्या हाताला वास येतो म्हणते का ती? आणि तू रोज पुढं करतेस?" मलापण आधी तसंच वाटलेलं, आणि लई रडले होते. पण मग बघितलं तर मॅडमनी अण्णांना, सख्ख्या भावाला, दारातून परत पाठवलं. "पोहे खाल्लेस. वर जा." कंपनीचे मोठे साहेब आले टाय लावून, त्यांनापण तळहात पुढे करायला लावले, शाळेत नखं तपासतात तसे. सगळे सारखेच तुच्छ. आत्याला हे सांगितलं तर म्हणाली, "मग काय, सत्कार करू तिचा?"

त्या थंडीत यशूचे गाल तडकले. पांढरे, खरखरीत, हसली की रक्त यायचं. मी सांगायला गेले, म्हणलं मॅडम, पोरीचे गाल... त्यांनी बोट वर केलं. "पडदा." घरचं काहीही काढलं की एवढंच. घरचं पलीकडे, कामाचं अलीकडे. नवरा गेला त्या आठवड्यात मी डोळे सुजवून यायची, तेव्हाही पडदा. त्यांच्या नळ्यांतून निदान ओल तरी जायची.

तरी पाळणाघर बंद असलं की यशूला आणू द्यायच्या. "पॅसेजमधे खोक्यात ठेव. झाकण लावू नकोस." यशूच्या हनुवटीवरनं लाळ गळायची, ती बघत उभ्या राहायच्या. "हिला न शिकता जमतंय. मला इतकी वर्षं जमत नाहीये." त्या यशूशी एवढंच बोलल्या असतील.

माझ्या केसांचं सांगते. ते मी कोणाला सांगितलं नव्हतं. नळ्यांचा एक त्रास होता, ओल्या झाल्या की एकमेकींना चिकटायच्या, मग मधून हवाच जायची नाही, कडेकडेनं पळून जायची. मॅडमनी नवीन रचना काढली, नळ्यांच्या मधेमधे दोरा ओवायचा, म्हणजे त्या सुट्या राहतात. ते कंपनीच्या साहेबांना पटेना. चार साहेब समोर बसलेले, मी चहा घेऊन आले, मॅडमनी माझ्या हातातला ट्रे काढून टेबलावर ठेवला, मला खुर्चीत बसवलं, पाठमोरी, आणि माझी वेणी सोडली. मला वाटलं वेणीला काही लागलंय. आणि पाण्याचा जग घेऊन सगळा माझ्या डोक्यावर ओतला. थंड पाणी, मानेतून आत गेलं, ब्लाउज भिजला, आणि मागे ते पुरुष.

"बघा," मॅडम म्हणाल्या. केसांचा झुपका धरून वर उचलला. "कोरडे होते तेव्हा सुटे होते. आता दोरखंड झालाय. ह्यातून तुमची हवा कुठून जाणार?" मग त्यांनी कंगवा मागितला, कोणाकडे असणार, एका साहेबाच्या खिशात निघाला. तो माझ्या केसांत खोवून तसाच ठेवला. "आणि हा माझा दोरा. कळलं? का अजून एक बाई आणू?"

ते हसले. एकजण म्हणाला, "वा मॅडम, मानलं." रचना पास झाली. साहेब गेल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी तशीच ठिबकत उभी. म्हणाल्या, "फरशी पूस. घसरेल कोणीतरी."

आणि आता ते नाटक. नायट्रोजनचं पहिल्याच दिवशी सांगितलेलं. "विषारी नाही, वास नाही, रंग नाही. तो फक्त हवेची जागा घेतो. माणसाला कळतसुद्धा नाही. उभा असतो आणि पडतो. कोणी पडलं तर आत जायचं नाही. बाटला बंद, पंखा चालू, दार उघड, आरडाओरडा. आत जायचं नाही." म्हणलं, श्वास धरून पटकन गेलं तर? म्हणाल्या, "श्वास धरून गेलेले सगळे तिथंच श्वास सोडतात. आमच्या जुन्या कंपनीत एक पडला. त्याला काढायला दुसरा गेला, दुसऱ्याला काढायला तिसरा. तिसरा फार चांगला मुलगा होता. तेव्हापासून मी चांगली माणसं कामावर ठेवत नाही."

मग एक दिवस मी फडकं पिळून वळले तर मॅडम आत जमिनीवर आडव्या. मी काय विचार करणार, फडकं टाकलं आणि धावले, खांद्याला धरून हलवायला लागले, मॅडम, अहो मॅडम. त्यांनी एक डोळा उघडला.

"मेलीस."

उठून बसल्या, ॲप्रन झटकला. "आता तुझी पोरगी. बाहेर खोक्यात आहे. तिला न्यायला कोण येणार? नाव सांग."

मी बाहेर खोक्याकडे बघितलं.

"सांग ना. नवरा येणार? आत्या? आत्या किती दिवसांची सोबती आहे?"

मला हुंदका आला. "रडू नकोस," म्हणाल्या, "मेलेली माणसं रडत नाहीत."

त्यानंतर कधीही पडायच्या. जेवणाच्या सुट्टीत, यशूच्या वाढदिवशी मी पेढे घेऊन आले तेव्हा, कधीही. आणि मी दर वेळी आत धावायची, पाय ऐकायचेच नाहीत. मेलीस. मेलीस. मग माझ्या कमरेला दोरी बांधायला लागल्या, आत काम असलं की दोरीचं टोक बाहेर खिळ्याला, शेळीसारखं. म्हणलं मॅडम, तुम्ही नाही बांधत? "दोरी तुला. मला अक्कल आहे."

एकदाच मी बाहेर थांबले. बाटला, पंखा, दार, ओरडले, आणि थांबले, दाराची चौकट धरून. त्या खूप वेळ पडून राहिल्या, मुद्दाम. मग उठल्या. "आज जिवंत आहेस. जा, चहा टाक." इतक्या दिवसांत माझं कौतुक झालं ते तेवढंच, आणि मी खुळ्यासारखी खूश होऊन चहात साखर घालायची विसरले.

आणि मग हा श्रावण. साहेब डबा न्यायला येणार होते आणि मॅडमचे आकडे रोज वेगळे यायला लागले. बाहेर सगळं दमट, भिंतीसुद्धा ओल्या लागत होत्या. मॅडमना वाटलं पंख्याच्या फटीतून बाहेरची ओल आत येते आणि मोजमाप बिघडवते. आयुष्यभर ओलीच्या मागं असलेली बाई, तेवढीशी परकी ओल सहन होईना. स्टुलावर चढून पंखा प्लास्टिकनं बंद केला, दाराला खालून रबराची पट्टी लावली. मी म्हणलं, "मॅडम, पण पंखा..."

"ज्ञान नको. चिकटपट्टी दे."

दिली.

दुसऱ्या दिवशी पाळणाघर बंद. मी यशूला घेऊन पॅसेजमधे, मॅडम आत, दार लावून, शेवटची जुडी तपासत. बाटल्याकडून आत येणारी गॅसची नळी कुठंतरी सुटली असणार. बाहेर काही ऐकू आलं नाही. बाकी पहिलंच सांगितलं.

अण्णा जिन्यावरून आले, घरच्या लेंग्या-सदऱ्यावरच, अनवाणी. "काय झालं? अगं तू उभी काय राहिलीस!" आणि सरळ आत निघाले. मी मागून त्यांचा सदरा धरला. यशू एका हातात किंचाळतेय, दुसऱ्या हातात सदरा.

"अण्णा, आत जायचं नाही! गॅस आहे!"

"सोड! बहीण आहे माझी!"

"तुम्हीपण पडाल, अण्णा!"

सदरा फाटला. मी दंडाला चावले. खरंच चावले, रक्त आलं, ते मागे सरकले, तेव्हा मला कोपऱ्यातली शटर ओढायची लांब आकडी दिसली. यशूला खाली ठेवलं, ती माझ्या पायाला बिलगली. आकडीनं आधी पंख्याचं प्लास्टिक फाडायला बघितलं, पोचेना. मग बुटात अडकवली, नाडी सुटलेला बूट नुसता निघून आला. मग मॅडमच्या ॲप्रनचा पट्टा धरला, ओढला, तुटला. परत कॉलरमधे अडकवली, आता अण्णांनीपण दांडा धरला, आणि आम्ही दोघांनी उंबऱ्याबाहेरून त्यांना ओढलं, मासळी ओढल्यासारखं. वळताना डोकं स्टुलाच्या पायावर आपटलं. तो आवाज मी आता पोळ्या लाटतानासुद्धा ऐकते.

बाहेर आल्या तेव्हा ओठ निळे होते. अण्णा तोंडावर पाणी मारत होते.

वाचल्या. डॉक्टर म्हणाले, मेंदूला तेवढा वेळ हवा मिळाली नाही. "किती वेळ?" अण्णांनी विचारलं, डॉक्टरांना, पण बघत होते माझ्याकडे.

माझं काम गेलं, ते जाणारच होतं. वहिनी सोसायटीभर सांगतात, "दारात उभी राहून बघत होती हो. माणूस कुत्र्यालासुद्धा ओढून काढतं." अण्णा आल्यागेल्याला बाही वर करून दंडावरचा वण दाखवतात. तो दाखवायला ते आहेत, हे कोणी म्हणत नाही. आत्यासुद्धा एकदा म्हणाली, "अगं, नुसतं पायाला धरून ओढायचं होतंस." आणि ती शेवटची जुडी कंपनीनं नेली. एकपण बुडबुडा आला नाही म्हणे. माझ्या हातची.

दिवाळीच्या आधी मी बघायला गेले. राहवेना. वहिनींनी दार उघडलं आणि मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "या. आता आत यायला चालतं वाटतं?"

मॅडम गॅलरीत खुर्चीवर, उन्हात. केस कोणीतरी वेडेवाकडे कापलेले. बूट नाहीत, पायात लोकरी मोजे. ओठ तडकलेले, सालं निघालेली, पूर्वी यशूचे गाल झाले होते तसे. मला ओळखलं नाही. मी समोर उभी, यशू कडेवर, आणि हात आपोआप पुढे गेला, तळवा वर करून, रोज सकाळी जायचा तसा.

त्यांनी वाकून वास घेतला.

आता मी यशूला रोज मालिश करते. हाताला खोबरेल होतंच, मी लपवलं नाही. डोळे मिटले आणि वाट बघत राहिले, की आता म्हणतील, परत धू. म्हणावं असं वाटत होतं, खरं सांगते. काहीच आलं नाही. मग तळहाताला खरखरीत लागलं. डोळे उघडले तर मॅडम त्यांचे ओठ माझ्या तळहातावर घासत होत्या, हळूहळू, इकडून तिकडे, तेल लावून घेत.

"तेलासाठी करते," वहिनी मागून म्हणाल्या. "भाजीवालीचा हात आला तरी करते. तुम्ही काही स्पेशल नाही."

मी हात काढला नाही. पार कोरडा होईपर्यंत तसाच ठेवला.

आता तुम्हीच सांगा. पंखा तिनं स्वतः बंद केलेला, दार उघडं, ती आत पडलेली, तिचा बूट समोर, आणि तिनंच मला मारून मारून शिकवलेलं की आत जायचं नाही. तुम्ही काय केलं असतं? गेला असता आत? आणि पोर कोणाच्या कडेवर देऊन?